स्टार्टर पोकेमॉन

पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या मालिकेत गेम सुरू होताच खेळाडूच्या हाती येणारा पहिला जीव म्हणजे स्टार्टर. बहुतेक मुख्य गेममध्ये तो गवत, आग आणि पाणी या तीन प्रकारांतून निवडायचा असतो. आग गवताला जाळते, पाणी आगीला विझवते, गवत पाण्याला पुरून उरते. सुरुवातीच्या गेममधला प्रतिस्पर्धी तर आपण काय घेतो ते बघून नेमका त्यावर भारी पडणारा उचलतो.

ही प्रथा १९९६ साली जपानमध्ये गेम बॉय या हातातल्या गेमयंत्रावर आलेल्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’पासूनची. गेममधले शास्त्रज्ञ प्रोफेसर ओक यांच्या टेबलावर पोकेमॉन ठेवायचे तीन चेंडू. आत पाचव्या लेव्हलचे बल्बासॉर (गवत), चार्मँडर (आग) आणि स्क्वर्टल (पाणी). आपण रूप बघून बोट ठेवतो, पण पुढचा गेम सोपा जाणार की अवघड, हेही तिथेच ठरते. वाटेत जिम लागतात, म्हणजे प्रमुखाला हरवायचे लढतीचे अड्डे; पहिल्या जिमचा प्रमुख ब्रॉक. त्याचे जिओड्यूड आणि ऑनिक्स दोघेही दगड-जमीन प्रकारचे. गवताचा किंवा पाण्याचा मारा त्यांना चौपट लागतो, आगीचा निम्माच. चार्मँडरवाल्यांचा घाम इथे निघतो. त्याची भरपाई छत्तिसाव्या लेव्हलला होते, चारिझार्ड या चार्मँडरच्या शेवटच्या रूपाने. (दिसायला अस्सल ड्रॅगन, प्रकार मात्र आग-उडता.)

निवड पिल्लाची होते, जीव मात्र बहुधा शेवटच्या रूपावर जडतो. ‘एक्स’ आणि ‘वाय’मधला (२०१३) फ्रोकी हा साधासा बेडूक, वाढून त्याचा ग्रेनिंजा झाला आणि चाहत्यांच्या २०१६ च्या जपानमधल्या व २०२० च्या जागतिक कौलात तोच पहिला आला. याउलट गेमच्या तिसऱ्या ते पाचव्या पिढीत आगीचा स्टार्टर सलग तीनदा आग-लढाऊच निघाला: ब्लेझिकेन, इन्फरनेप, एम्बोअर. चाहते वैतागले, ते रास्तच होते.

‘यलो’मध्ये (१९९८) निवडच नाही, थेट पिकाचू. तो चेंडूत राहत नाही, मागे मागे चालतो. वळून त्याच्याशी बोलले की चेहऱ्यावरून त्याचा मूड कळतो. पुढच्या रूपात नेणारा थंडर स्टोन हा दगड दिला तर साफ नाकारतो.

सगळ्यात खडतर वाट बहुधा ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मधल्या (१९९९) चिकोरिटा या गवताच्या स्टार्टरची. पहिले जिम उडत्यांचे, दुसरे किड्यांचे. दोन्हींपुढे गवत लंगडे. तरीही गळ्याभोवती कळ्या आणि डोक्यावर एकच पान मिरवणाऱ्या या जीवाला दर खेपेला निवडणारे आहेतच.