पालकांना थोडा वेळ बाहेर बसायला का सांगितले जाते
किशोरवयीन रुग्णांच्या पालकांसाठी, आणि त्या मुलामुलींसाठीही, आमच्या दवाखान्याचे माहितीपत्रक

बारा वर्षांपुढील मूल आमच्याकडे सविस्तर तपासणीसाठी आले की त्या भेटीचे तीन भाग होतात. प्रथम पालक आणि मूल या दोघांशी मिळून बोलणे होते, मग पालकांना साधारण पंधरा मिनिटे बाहेर बसण्याची विनंती केली जाते, आणि शेवटी पुन्हा सर्वांनी एकत्र बसून निदान, औषधे व पुढची तारीख ठरते. मधल्या भागाविषयी पालकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. तो भाग कोणावर संशय घेऊन ठेवलेला नाही. आमच्याकडे तो प्रत्येकासाठी असतो, त्यामुळे 'आमच्याच मुलीला एकटे का थांबवले' असे वाटण्याचे कारण नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मात्र आई किंवा बाबा जवळ हवे असतील, तर ते जवळच बसतात.

पोटात दुखते म्हणून आणलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. या वयात अंडकोष स्वतःभोवती पिळला जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. वेदना अचानक सुरू होते, अनेकदा ओटीपोटात जाणवते, आणि सोबत उलट्याही होतात. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष वाचण्याची शक्यता बरीच चांगली असते; त्यानंतर ती झपाट्याने घटत जाते. असा मुलगा आई, आत्या आणि धाकटी बहीण यांच्यासमोर फक्त 'पोटात दुखतंय' एवढेच सांगतो, आणि पित्ताची गोळी घेऊन घरी परतण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून अशा वेळी आम्ही खोली रिकामी करून स्पष्ट शब्दांत विचारतो आणि तपासतोही.

मुलींच्या बाबतीत पाळीविषयीच्या प्रश्नांची उत्तरे बहुधा आईच देते, आणि तिच्या माहितीप्रमाणे ती खरीही असतात. परंतु शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, म्हणून सकाळी लावलेले पॅड संध्याकाळी घरी येईपर्यंत बदललेच जात नाही, ही गोष्ट मुलगी वडिलांसमोर बोलत नाही. अंगावर उठलेल्या खाजेचे कारण मात्र नेमके त्यातच असते.

आमचे डॉक्टर आधी घर, मग शाळा, जेवण, झोप, मित्रमैत्रिणी अशा क्रमाने बोलत जातात, आणि तंबाखू, दारू, प्रेमसंबंध, मनातली निराशा हे विषय त्यानंतर येतात. किशोरवयीन रुग्णांशी बोलण्याची ही पद्धत जगभर रूढ आहे. 'तू सिगारेट ओढतोस का?' या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. 'तुमच्या वर्गातली काही मुलं ओढतात का?' असे विचारल्यावर संवाद पुढे सरकतो. जीव नकोसा वाटतो का, हेही आम्ही थेट विचारतो. असे विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार पेरला जातो, अशी भीती अनेक पालकांना वाटते. ती निराधार आहे. उलट कोणीतरी न घाबरता विचारले याचाच मुलांना दिलासा मिळतो.

गुप्ततेची मर्यादा

मुलाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय आम्ही पालकांना सांगत नाही. तरीही 'कोणालाच कधीच सांगणार नाही' असे वचन आम्ही देत नाही, कारण ते पाळता येणार नाही, आणि पुढे मोडावे लागणारे वचन देऊन मुलाकडून काही काढून घेणे हा त्याचा विश्वासघात ठरेल. म्हणून मर्यादा कोणती, हे पहिला प्रश्न विचारण्याआधीच मुलाला सांगितले जाते. त्याच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका असेल, तर पालकांना सांगावेच लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पोक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि डॉक्टरही त्यातून सुटत नाहीत. हा कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरत नाही. त्यामुळे दोन किशोरवयीनांनी आपखुशीने ठेवलेला शरीरसंबंधही त्याच्या कक्षेत येतो. हे ऐकून काही मुले गप्प होतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. पण अंधारात ठेवण्यापेक्षा हे बरे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलींबाबत दिलासा दिला आहे: मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. मात्र १८ वर्षांखालील मुलीच्या गर्भपातासाठी पालकांची लेखी संमती लागतेच.

जे सांगणे भाग आहे, ते आम्ही मुलाच्या पाठीमागे सांगत नाही. आधी त्याला विचारतो: तू सांगशील, की मी सांगू, की दोघे मिळून सांगू? बहुतेक मुले तिसरा मार्ग निवडतात.

काउंटरवर आणि कागदावर

गुप्तता डॉक्टरांच्या खोलीपेक्षा बाहेरच अधिक वेळा फुटते. आपल्याकडे रिसेप्शनवर बसलेल्या ताई एखाद्या आईच्या भिशीतल्या असतात, आणि रांगेत शेजारचे काकाही असतात. त्यामुळे केसपेपर काढताना 'काय होतंय?' हा प्रश्न आमच्या काउंटरवर विचारला जात नाही. लॅबचा रिपोर्ट कोणाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, हे ठरवताना मुलालाही विचारले जाते. खासगी बोलण्याची नोंद वेगळ्या पानावर होते आणि ते पान घरी न्यायच्या फाईलला लावले जात नाही. शारीरिक तपासणी पडद्याआड होते. मुलीला पुरुष डॉक्टर तपासत असतील तर नर्स हजर असतेच, आणि आईने थांबावे की नाही हे मुलगी ठरवते.

मुलामुलींनो, हा भाग तुमच्यासाठी

नको असलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती नाही. 'हे आत्ता नको' म्हटले तरी चालते. तोंडाने बोलणे अवघड वाटले तर कागदावर लिहून द्या, कागद तुमच्यासमोरच फाडला जाईल. वयात येताना मुलग्यांची छाती थोडी वाढणे ही नेहमीची बाब आहे, आणि बहुतेकांची ती दोन वर्षांच्या आत आपोआप कमी होते; एवढ्यासाठी पोहायला जाणे सोडलेली मुले आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे इथे लिहिले. आमच्याकडे येणे जमणार नसेल, तर अनेक सरकारी रुग्णालयांत तुमच्या वयाच्या मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे. मन फार खचले असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो, आणि कोणी त्रास देत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

पालकांना एकच विनंती आहे. घरी जाताना रिक्षात 'काय विचारलं? तू काय सांगितलंस?' अशी चौकशी करू नये. औषध, पथ्य आणि पुढची तारीख आपल्याला समोरासमोर सांगितलेलीच असते, आणि इतर शंका असल्यास आपण डॉक्टरांची स्वतंत्र वेळ घेऊ शकता. फोनवर नंबर लावताना 'किशोर तपासणी' एवढेच सांगावे. पहिल्या भेटीसाठी पाऊण तास राखून ठेवला जातो.