पंखांचा घोडा पर्सियसचा नव्हे, बेलेरोफॉनचा

ग्रीक पुराणकथांतल्या मेड्युसाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. केसांच्या जागी साप, नजर भिडली की माणसाचा दगड, आणि ढालीतलं प्रतिबिंब पाहत तिचं मुंडकं उडवणारा पर्सियस. इथवर ठीक. पण पुढे कुणीतरी त्याला पेगॅसस या पंखांच्या घोड्यावर बसवतंच, आणि तिथे माझा संयम सुटतो.

नुसता घटनाक्रम लावून बघा. पेगॅसस जन्मला तोच मेड्युसाच्या कापलेल्या मानेतून. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या 'थिऑगनी' या काव्यात हे स्वच्छ लिहिलंय. मग तिला मारायला निघालेला पर्सियस त्याच्यावर बसून येणार कसा? त्याला घोडा लागतही नव्हता, कारण पायांत पंखांची पादत्राणं होती. परतीच्या वाटेवर त्याने राजकन्या अँड्रोमेडाला सागरराक्षसापासून सोडवलं, तेव्हा घोडा जन्मलेला होता हे खरं. पण रोमन कवी ऑविडच्या काव्यात तिथेही तो पादत्राणांवरच उडतो. पाण्याच्या तुषारांनी पंख भिजून जड होतात, त्यांचा भरवसा वाटत नाही, म्हणून तो एका खडकाचा आधार घेऊन राक्षसाला भोसकतो. बुडाखाली घोडा असता तर खडक कशाला हवा होता?

पेगॅससवर मांड ठोकली ती कॉरिंथच्या बेलेरोफॉनने. ग्रीक कवी पिंडारच्या स्तोत्रात अथीना देवी त्याला सोन्याचा लगाम देते, तेव्हा कुठे घोडा हाती लागतो. लिशियाच्या राजाने त्याला किमेरा या राक्षसीवर धाडलं होतं: पुढून सिंह, मध्ये बकरी, मागे साप, आणि आग ओकणारी. अशा प्राण्याच्या जवळ जाणं अशक्य, म्हणून त्याने वरूनच बाण मारून तिला संपवलं. कॉरिंथच्या प्राचीन नाण्यांवर पेगॅसस दिसतो तो याच नात्याने.

सरमिसळ पुढच्यांनी केली. चित्रकार रूबेन्सच्या पर्सियस-अँड्रोमेडाच्या चित्रात हा घोडा उभा आहे. १९८१ च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स' चित्रपटानेही तो पर्सियसलाच देऊन टाकला. त्यातला क्रॅकन हा सागरराक्षस तर स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दींच्या दंतकथांतला, ग्रीक नव्हेच.

कलावंताने मोकळीक घ्यावी, पण या बदलात बेलेरोफॉन उघडा पडतो. पर्सियसचं घोड्यावाचून काहीच अडत नाही. बेलेरोफॉनची मात्र सगळी गोष्ट त्या घोड्यावर आहे: विजयही, आणि त्याच घोड्यावरून देवांच्या ऑलिंपस पर्वतावर चढायला जाऊन झालेला कपाळमोक्षही. मला तर हीच कथा जास्त मोलाची वाटते. तेव्हा मुलांना पर्सियसचं चित्र काढून द्याल, तर पंख त्याच्या टाचांना काढा.