कमी वाऱ्याचा भार कुणी उचलायचा? विंडसर्फिंगच्या शर्यती आणि बदलत गेलेले बोर्ड

नाशिकमध्ये विंडसर्फिंगचं, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्यावर सरकण्याच्या खेळाचं, नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "आपल्याकडे समुद्र कुठाय?" समुद्राची गरजच नसते. सध्याच्या ऑलिंपिकमधल्या बोर्डाची निवडचाचणी २०१९ मध्ये इटलीतल्या गार्डा सरोवरावर झाली, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या गोड्या पाण्यात. आणि पाण्याची टंचाई हेही कारण नाशिककरांनी पुढे करू नये. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगच्या एकेरीत तेरावा आला होता. खरा अडसर वाऱ्याचा आहे. वारा किती, तो सलग वाहतो की झोतांनी येतो, आणि आपण ज्या वर्गाचा (म्हणजे ठरावीक मापाच्या बोर्ड-शिडाच्या प्रकाराचा) बोर्ड घेतोय तो कुठल्या वाऱ्यासाठी बनला, हे आधी पाहावं लागतं.

या खेळाच्या शर्यतींचा इतिहास मी तरी असाच वाचतो: वारा कमी पडला की त्याची भरपाई कुणी करायची, यावरचा साठ वर्षांचा वाद.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९६४ मध्ये न्यूमन डार्बी यांनी फळीवर शीड उभं केलं. ते चक्क पतंगाच्या आकाराचं होतं, आणि चालवणारा त्याला पाठ टेकून उभा राहायचा. आज ओळखीची वाटणारी रचना कॅलिफोर्नियाच्या हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांची. १९६८ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला. ड्रेक विमानशास्त्राचे अभियंता. डोलकाठी बुडाशी सगळ्या दिशांना वळणाऱ्या सांध्यावर बसवली की सुकाणूच लागत नाही. शीड पुढे झुकवलं की बोर्डाचं नाक वाऱ्यापासून दूर जातं, मागे ओढलं की वाऱ्याकडे वळतं. पेटंटवरून पुढे बरीच कोर्टकचेरी झाली. इंग्लंडमध्ये पीटर चिल्व्हर्स यांनी १९५८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, असाच खटाटोप केला होता, हे पुढे आलं आणि १९८० च्या दशकात तिथल्या न्यायालयाने ब्रिटिश पेटंट रद्दच ठरवलं.

श्वाइट्झर यांच्या 'विंडसर्फर'च्या शर्यतीत सगळ्यांचा बोर्ड सारखा, शीडही सारखं. मध्यभागी पाण्यात उतरणारी पात, म्हणजे डॅगरबोर्ड. लांब, जड फळी, पण झुळकीवरही सरकणारी. खर्च कमी, भांडणं कमी. तरुणांना मात्र वेग हवा होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवाईमध्ये बोर्डांवर पायांसाठी पट्टे आले, मग बोर्ड आखूड होत गेले. पंधरा नॉटच्या पुढे (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) असा बोर्ड पाण्यावर उचलला जाऊन सुसाट सुटतो, पण वारा पडला की पायाखालून बुडतो. आजचे स्लॅलमचे बोर्ड याच घराण्यातले: पाण्यातल्या खुणांना वळसे घालत वाऱ्याला आडव्या धावा, जोरदार वाऱ्यात. निव्वळ वेगाच्या शर्यतीचं टोक पाहायचं तर फ्रान्सच्या आंत्वान अल्बो यांनी २०१५ मध्ये नामिबियातल्या ल्यूडरित्झला ५०० मीटरच्या धावेत ५३.२७ नॉटची सरासरी गाठली, म्हणजे ताशी जवळजवळ ९९ किलोमीटर. तो कालवा त्यासाठीच खणलेला. नाशिकच्या दृष्टीने हे प्रकरण इथेच सोडून द्यावं.

ऑलिंपिकला मात्र वाऱ्याची निवड करण्याची चैन परवडत नाही. तारीख ठरलेली, प्रक्षेपण ठरलेलं, वारा येईल तो. त्यामुळे १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला खेळ दाखल झाला तो 'विंडग्लायडर' या लांब बोर्डावर. नेदरलँड्सचा स्टेफान व्हान डेन बर्ग पहिला विजेता. १९८८ ला सोलमध्ये आणि १९९२ ला बार्सिलोनात लेखनर कंपनीचे 'डिव्हिजन टू' पद्धतीचे बोर्ड होते. पोट गोल, होडीसारखं. हलक्या वाऱ्यात वाऱ्याच्या तोंडावर चढायला उत्तम, पण वारा वाढला की ते लोळायलाच लागत. म्हणजे इथे कमी वाऱ्याची भरपाई बोर्डाच्या पोटाने केली, आणि जोरदार वाऱ्यातली मजा गमावली. बार्सिलोनातच महिलांची वेगळी शर्यत सुरू झाली.

मग आला मिस्ट्रल. लांबी ३.७२ मीटर, शीड ७.४ चौरस मीटर, १९९६ ते २००४ अशी तीन ऑलिंपिकं. हाँगकाँगचं आजवरचं पहिलं सुवर्ण याच बोर्डावरचं, १९९६ मध्ये ली लाय-शानचं. याच काळात खेळाचा पोत बदलणारा एक नियम रुळला. एरवी शिडाच्या नौकांमध्ये शीड हाताने हलवून वेग घेणं म्हणजे नियमभंग. विंडसर्फिंगमध्ये मात्र त्याला मुभा मिळाली. पतंग हवेत धरायला येवल्यातली पोरं जशा ठुमक्या मारतात, तसं अख्खं शीड दोन्ही हातांनी सतत खेचायचं. याला पंपिंग म्हणतात. वारा नसला तरी शर्यत होते, पण दंड आणि कंबर पिळून निघतात. ही भरपाई थेट खेळाडूच्या अंगातून होते. हलक्या वाऱ्यात शिडाचं कसब संपून शर्यत निव्वळ दमाची होते, हे मला तरी पटत नाही. पण त्याशिवाय कित्येक शर्यती रद्दच झाल्या असत्या, हेही खरं.

दुसरी वाट शिडाचं क्षेत्रफळ वाढवण्याची. इथे गणित आडवं येतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत बदलतो: वारा निम्मा झाला की जोर पाव होतो. चौदा नॉटला ५.७ चौरस मीटरचं शीड पुरतं असं धरलं, तर सात नॉटला तितकाच जोर मिळवायला जवळजवळ २३ चौरस मीटर लागतील. माणूस ते पेलणार कसं? तरीही १९९० च्या दशकाच्या शेवटी 'फॉर्म्युला' वर्गाने हा मार्ग हट्टाने धरला. बोर्ड जवळजवळ मीटरभर रुंद, खाली ७० सेंटीमीटरची फिन (बोर्डाच्या मागच्या टोकाखालची स्थिर पात), वर १२.५ चौरस मीटरपर्यंत शीड. डॅगरबोर्ड गेला. हे रुंद बोर्ड घडवण्यात जिम ड्रेक यांचाही हात होता, पहिल्या पेटंटनंतर तीस वर्षांनी! सात-आठ नॉटला हा बोर्ड सुटतो, त्याखाली मात्र अक्षरशः उभा राहतो. आणि वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी शिडं, डोलकाठ्या, फिनांचा संच बाळगायचा म्हणजे खिशाला चटका. इथे भरपाई पैशाची.

२००८ पासून ऑलिंपिकमध्ये आलेला आरएस:एक्स हा या दोन वाटांमधला समझोता. ९३ सेंटीमीटर रुंदी, फिनही मोठी आणि डॅगरबोर्डही, पुरुषांना ९.५, महिलांना ८.५ चौरस मीटरचं शीड. तीन नॉटलाही शर्यत, तीस नॉटलाही. सगळं करणारा आणि कशातच अव्वल नसलेला, जड बोर्ड. हलक्या वाऱ्यात पंपिंग करून खेळाडू अर्धमेले होत. मे २०१२ मध्ये शिडाच्या खेळांच्या जागतिक संघटनेने ऑलिंपिकमधून विंडसर्फिंगच काढून काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाने ओढल्या जाणाऱ्या फळीचा खेळ) आणायचं ठरवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवला. खेळ थोडक्यात वाचला.

फॉइलने, म्हणजे बोर्डाखाली पाण्यात राहणाऱ्या पंखांनी, वादाचा रोखच बदलला. जोर वाढवण्याऐवजी विरोध घटवायचा. आयक्यूफॉइल या सध्याच्या ऑलिंपिक वर्गात बोर्ड फक्त २.२ मीटर लांब. त्याखाली ९५ सेंटीमीटरची कार्बनची काठी आणि तिच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख. थोडा वेग आला की पंख पाण्यात उचल घेतात, बोर्ड पाण्याबाहेर येतो आणि पाण्याचं घर्षण जवळजवळ संपतं. शिडं उलट लहान झाली, पॅरिस २०२४ ला पुरुषांना ९ आणि महिलांना ८ चौरस मीटर. सहा-सात नॉटलाही बोर्ड वाऱ्याच्या वेगाहून जोरात धावतो. पंपिंग उरलं, पण मुख्यतः उचल घेण्यापुरतं.

पण फॉइलचा बोर्ड एकदा पाण्यावर बसला की सगळंच बसतं. पॅरिस २०२४ च्या शर्यती मार्सेलला होत्या आणि वाऱ्यासाठी ताटकळत बसावं लागलं, पदकांच्या शर्यती दुसऱ्या दिवशी गेल्या. तिथली पद्धतही निष्ठुर होती. आधीच्या सगळ्या शर्यतींत मोठी आघाडी घेतलेली ब्रिटनची एमा विल्सन थेट अंतिम फेरीत गेली आणि त्या एकाच शर्यतीत तिसरी येऊन कांस्यावर थांबली. सुवर्ण इटलीच्या मार्ता माजेत्तीचं, पुरुषांत इस्रायलच्या टॉम रेउवेनीचं.

भारताचं अलीकडचं पदक मात्र जुन्या वर्गातलं आहे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, इबाद अलीने आरएस:एक्समध्ये कांस्य मिळवलं. तो वर्ग टोकियोच्या स्पर्धेनंतर ऑलिंपिकमधून गेलेला होता. आशियाई स्पर्धेत जुना आणि नवा दोन्ही ठेवले होते. साधनं बदलायला पैसे लागतात आणि ते सगळ्या देशांकडे एकाच वेळी येत नाहीत.

आता गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडे पाहा. पावसाळी पश्चिमेचा वारा अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या डोंगरांवरून उतरतो तो सलग नसतो. झोत येतो, मध्येच पोकळी पडते. फॉइलला अशा पोकळीत खाली आपटायला वेळ लागत नाही. हिवाळ्यातल्या सकाळी पाणी आरशासारखं, उन्हाळ्यात दुपारनंतर थोडी हालचाल. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे हवा पाच-सहा टक्के विरळ. तेवढ्याच नॉटला शिडात जोर थोडा कमीच भरणार. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरली की मीटरभर खोल जाणाऱ्या फॉइलला तळाचे खडक आणि झुडपं आडवी येणार. जलपर्णी असलेल्या पाण्यात तर पंखांना वेल गुंडाळलाच म्हणून समजा. (नांदूर मध्यमेश्वरचं रुंद पाणी पाहून काहींचे डोळे चमकतात, ते पक्षी अभयारण्य आहे, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. तिकडे बोर्ड न्यायचा नाही.)

म्हणून ऑलिंपिकमध्ये दिसला म्हणून इथे आयक्यूफॉइल आणणं मला वेडेपणाच वाटतो, आणि स्वस्तात मिळाला म्हणून जुना आरएस:एक्स घेणं त्याहून थोडंसंच शहाणपणाचं. मुलांसाठी टेक्नो २९३ ठीक: २.९३ मीटर लांब, डॅगरबोर्डसह, वयाप्रमाणे शीड लहान-मोठं. युवा ऑलिंपिकच्या पहिल्या दोन स्पर्धांत, २०१० आणि २०१४ ला, हाच बोर्ड होता. मोठ्यांसाठी मूळ 'विंडसर्फर'चाच हलका नवा अवतार, 'विंडसर्फर एलटी'. ५.७ चौरस मीटरचं एकच शीड, डॅगरबोर्ड आहे, पाच नॉटला सरकतो, वीस नॉटलाही शर्यत होते, आणि पाणी गुडघ्याएवढं असेल तर डॅगरबोर्ड वर ओढून काठाला लावता येतो.