आवंढा दुखू लागतो तेव्हा

घास तोंडात असतो तोवर त्याची चव, ऊब, कडकपणा सगळं कळतं. घशाखाली उतरला की आपण त्याला विसरतो. साधारण 25 सेंटिमीटरची अन्ननलिका तो काही सेकंदांत पार करतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणूनच प्रत्येक घोटाला, अगदी नुसता आवंढा गिळतानाही, छातीच्या मधोमध कळ येऊ लागली, तर डॉक्टर सावध होतात. ॲसिडिटीची जळजळ वेगळी आणि हे दुखणं वेगळं. रुग्णाची केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल, तो बराच काळ स्टेरॉइड घेत असेल किंवा त्याला एचआयव्ही असेल, तर पहिला संशय अन्ननलिकेतल्या संसर्गाचा, कारण अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती दबलेली असते.

हे जंतू येतात कुठून? बहुतेकदा कुठूनच नाही, ते आधीपासून घरातच असतात. कॅन्डिडा ही बुरशी असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात निमूटपणे राहते. लाळ तिला सतत धुऊन काढते, अस्तराच्या वरच्या पेशी झडताना तिलाही सोबत नेतात. शिवाय पांढऱ्या पेशींचा पहारा असतोच. तो ढिला पडला की कॅन्डिडाच्या गोल पेशींना लांब तंतू फुटतात, ते अस्तरात घुसतात. हे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडून पेशींना भोकं पाडतात, हे तर 2016 मध्ये उघड झालं. घशातून आत सोडलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) पाहिलं तर अन्ननलिकेला दह्यासारखे पांढरे थर चिकटलेले दिसतात. तोंडात असे थर नसले म्हणजे खाली सगळं ठीक आहे, असं मात्र नाही.

पहारेकरीही एकाच प्रकारचे नसतात. अस्तरावर कॅन्डिडाला रोखून धरण्यात सीडी4 या पांढऱ्या पेशींचा वाटा मोठा, तर तिला रक्तात शिरू न देणं हे मुख्यतः न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं काम. एचआयव्ही सीडी4 पेशी संपवतो, त्यामुळे अशा रुग्णाची अन्ननलिका बुरशीने भरते, पण ती रक्तात सहसा पसरत नाही. केमोथेरपीने न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णात हीच बुरशी रक्तात पोहोचण्याची भीती असते. जून 1981 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या 5 तरुणांविषयी एक छोटा अहवाल छापून आला. एड्सची ती पहिली नोंद ठरली. न्यूमोनियाबरोबरच त्या पाचही जणांच्या अस्तराला कॅन्डिडाचा संसर्ग होता.

दुसरे दोन घरभेदी म्हणजे विषाणू. ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो, तर सायटोमेगॅलो विषाणू पांढऱ्या पेशींच्या वंशात. दोघेही अन्ननलिकेत व्रण करतात, पण त्यांची आवड वेगळी. हर्पिसला अस्तराच्या पेशी लागतात. व्रणाच्या मध्यभागी त्या मरून गेलेल्या असतात, म्हणून तपासणीसाठीचा तुकडा काठावरून घ्यायचा. सायटोमेगॅलो खालच्या रक्तवाहिन्यांच्या आणि तंतुपेशींच्या आत मुरतो, तेव्हा तुकडा व्रणाच्या तळातून. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने फुगवलेली पेशी घुबडाच्या डोळ्यासारखी दिसते. चुकीच्या जागेचा तुकडा घेतला तर विषाणू समोर असूनही सापडत नाही! चांगला डॉक्टर म्हणूनच काठ आणि तळ, दोन्हीकडचे तुकडे घेतो.

प्रत्येकाला लगेच दुर्बीण लागते असंही नाही. तोंडात पांढरे थर आणि गिळताना त्रास, एवढं चित्र असेल तर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू करून आठवडाभरात फरक पडतो का ते पाहतात. फरक पडला तर औषध 2 ते 3 आठवडे चालू ठेवतात. तोंडाला लावायचं औषध इथे पुरत नाही, ते पोटातून किंवा शिरेतून घ्यावं लागतं. आराम नसेल तर मात्र एंडोस्कोपी.

हर्पिसला ॲसायक्लोव्हिर आहे, सायटोमेगॅलोला गॅनसायक्लोव्हिर. पण ही औषधं विषाणूची वाढ थांबवतात, दडून बसलेल्याला हुसकावत नाहीत. त्यामुळे व्रण भरला तरी उपचार संपत नाही. एचआयव्हीच्या रुग्णाच्या सीडी4 पेशी औषधांनी वाढवाव्या लागतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णात तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थोडी कमी करायची आणि नवा अवयव शरीराने नाकारू नये हेही पाहायचं, अशी दुहेरी कसरत असते.