गोसेकच्या दारातला सूर्य

डिसेंबर उजाडला की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. जर्मनीतल्या एका खेड्यात सात हजार वर्षांपूर्वीची 'जगातली पहिली सौर वेधशाळा', सोबत लाकडी खांबांच्या वर्तुळाचा फोटो, आणि खाली कुणीतरी हौसेने जोडलेलं, 'इथे आजही दिव्य ऊर्जा जाणवते.' ऊर्जेचं सोडून देऊ. वर्तुळ मात्र खरं आहे, खेडंही खरं आहे, आणि त्या वर्तुळात उभं राहून काय कळू शकतं नि काय नाही, याचा हिशेब शाळेतल्या भूमितीवर मांडता येतो. तो मांडला की 'वेधशाळा' हे बिरुद जरा सैल वाटायला लागतं.

खेड्याचं नाव गोसेक. सॅक्सनी-अनहाल्ट राज्यात, नाउमबुर्ग आणि वायसेनफेल्स यांच्या मधे, 'झाले' नावाच्या नदीच्या काठी वसलेलं. वस्ती हजाराच्या आसपास, पंचक्रोशीत द्राक्षमळे. गावाचं नाव जुन्या कागदांत येतं ते गडामुळे. नवव्या शतकाच्या अखेरीस हेर्सफेल्डच्या मठाने कोणाकडून किती दशमांश घ्यायचा याची यादी केली होती, तिच्यात हा गड आहे. पुढे इथल्याच सरदार घराण्यातला आडालबर्ट ब्रेमेनचा आर्चबिशप झाला आणि अकराव्या शतकातल्या जर्मन राजकारणात त्याने भरपूर उलाढाली केल्या. त्याने आणि त्याच्या भावांनी १०४१ मध्ये वडिलोपार्जित गड बेनेडिक्टाइन मठाला देऊन टाकला. धर्मसुधारणेच्या लाटेत मठ बंद पडला आणि इमारतीचा पुन्हा वाडा झाला. मठाच्या चर्चचा काही भाग आणि त्याखालची तळघरातली प्रार्थनेची जागा अजून शाबूत आहे. अशी गावं जर्मनीत पैशाला पासरी.

१९९१ मध्ये चित्र बदललं. पूर्व जर्मनीच्या राजवटीत विमानातून असे फोटो काढायला मुभाच नव्हती. एकीकरणानंतर आकाश मोकळं झालं आणि ओटो ब्राश या वैमानिक-संशोधकाला गोसेकजवळच्या शेतात पिकाचं एक मोठं वर्तुळ दिसलं. त्यात परग्रहवासीयांचा काही हात नाही. हजारो वर्षांपूर्वी खणलेला खंदक कधीच बुजलेला असतो, पण त्यात भरलेली माती भुसभुशीत, काळी आणि ओल धरून ठेवणारी असते. उन्हाळ्यात पाऊस ओढला की आजूबाजूचं पीक पिवळं पडतं आणि खंदकावरचं तेवढं हिरवं, उंच राहतं. बांधावर उभं राहून काही कळत नाही, वरून मात्र खंदकाचा नकाशाच शेतात उमटलेला दिसतो.

हाले विद्यापीठाच्या फ्रान्सवा बेर्टेमेस आणि पीटर बील यांनी २००२ पासून इथे उत्खनन केलं. सुमारे ७५ मीटर व्यासाचा खंदक, त्याच्या आत खांबांची दोन कुंपणं, आणि तीन दारं. खापरांवर टोकदार अणीने टोचून केलेली नक्षी होती. त्या नक्षीवरून काळ निघाला तो इसवीसनपूर्व ४९०० च्या आसपासचा. माणसांची आणि जनावरांची हाडंही निघाली. बळी की दफन यावर वाद आहे. आणि खरी गंमत म्हणजे, वर्तुळाच्या मध्यावर उभं राहिलं तर आग्नेयेचं दार वर्षातल्या सर्वात लहान दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि नैर्ऋत्येचं त्याच दिवसाच्या सूर्यास्ताकडे उघडतं.

आता माझा आवडता भाग. सूर्य रोज पूर्वेला उगवतो हे आपण घोकलेलं वाक्य वर्षातले दोनच दिवस खरं असतं. उन्हाळ्यात उगवतीची जागा उत्तरेकडे सरकते, हिवाळ्यात दक्षिणेकडे. किती सरकते ते अक्षांशावर ठरतं. पृथ्वीच्या अक्षाच्या कलाच्या साइनला अक्षांशाच्या कोसाइनने भागलं की पूर्वेपासूनच्या कमाल कोनाची साइन मिळते. मुंबईला हा कोन २५ अंश भरतो, म्हणजे वर्षभराची ये-जा जेमतेम ५० अंशांची. गोसेक ५१ उत्तर अक्षांशावर आहे; तिथे तो ३९ अंशांच्या वर जातो आणि ये-जा ८० अंशांच्या घरात पोचते. आपल्याकडे गच्चीवरून सहज न जाणवणारी गोष्ट तिथल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत भरणारी होती.

पण सूर्याची ही ये-जा एकसारख्या वेगाने होत नाही. झोपाळा मधे सर्वात वेगात असतो आणि टोकाला जाऊन क्षणभर थबकतो, तसंच हे. समजा आपण केंद्रात उभे आहोत आणि कुंपण २५ मीटरवर आहे. तिथे एक अंश म्हणजे ४४ सेंटिमीटर. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे कुंपणावर मोजलं तर बरोबर एक वीत. मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये उगवतीची जागा एका दिवसात वीतभराहून जास्त सरकते. डिसेंबरात? १६ तारखेपासून २१ तारखेपर्यंत, अख्ख्या पाच दिवसांत, ती सरकते फक्त चार बोटं. हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतात आणि क्षितिजाजवळ हे वाकणं तापमानाप्रमाणे रोज थोडं बदलतं, हे जमेला धरलं तर चार बोटांचा फरकही खात्रीचा राहत नाही.

म्हणजे दारातून नुसतं बघून 'आजच तो दिवस' असं कोणालाच सांगता येणार नाही. तारीख काढायची तर युक्ती वेगळी आहे: टोकाच्या बरंच आधी एका खुणेवर सूर्य उगवला तो दिवस धरायचा, तो परतताना त्याच खुणेवर येईपर्यंत दिवस मोजायचे आणि निम्मे करायचे. त्याला ७५ मीटरचा खंदक कशाला हवा? दोन काठ्या आणि एक चिकाटीचा माणूस पुरे. उलट, दारं नेमकी तिथे ठेवायची तर सूर्य कुठवर जातो हे बांधण्याआधीच माहीत असायला हवं. माझ्या मते वर्तुळ उभं राहिलं तेव्हा वेध घेऊन झालेले होते. ही जागा त्या दिवशी जमण्यासाठीची. तिसऱ्या दाराकडे बघा. ते उत्तरेला आहे, आणि तिथल्या आकाशात सूर्य उत्तरेच्या क्षितिजावर कधीच येत नाही. मध्य युरोपात अशी शंभराहून जास्त वर्तुळं सापडली आहेत आणि त्यांतल्या कितीतरींच्या दारांचा सूर्याशी काही संबंध लागत नाही.

इथे परांचनाचा एक गोंधळ निस्तरायला हवा. परांचन म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचं भोवऱ्यासारखं फिरणं. त्याने तारे सरकतात, राशी सरकतात. सूर्याच्या उगवतीची टोकं त्याने हलत नाहीत. ती हलतात अक्षाचा कल बदलल्याने, आणि कल फार संथ बदलतो: तेव्हा २४.१ अंश, आज २३.४४. गोसेकच्या अक्षांशावर त्याने टोकाची जागा सव्वा अंशाच्या आसपास बदलली, आपल्या मोजमापात हातभराहून थोडी जास्त. सात हजार वर्षांत एवढंच. ताऱ्यांवर रोखलेलं दार केव्हाच निकामी झालं असतं. आपल्याकडे मकरसंक्रांतीला 'आजपासून उत्तरायण' म्हणतात तो याच परांचनाचा परिणाम. साधारण १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एका दिवशी होतं, आता संक्रांत तीनेक आठवडे मागे पडली आहे. तिळगुळाला हरकत नाही. सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरलाच वळतो.

गोसेकपासून पंचवीसेक किलोमीटरवर नेब्रा आहे. तिथली १९९९ मध्ये चोरट्यांनी उकरलेली, सोन्याचे तारे जडवलेली काशाची तबकडी बरीच गाजली. तिच्या कडेची सोन्याची कमान ८२ अंशांची, म्हणजे तिथल्या उगवतीच्या वर्षभराच्या पल्ल्याएवढी. दोन्ही एकाच परंपरेतल्या असं सांगायला पर्यटनवाल्यांना आवडतं. पण तबकडी पुरली गेली इसवीसनपूर्व १६०० च्या सुमारास. मधे तीन हजारांवर वर्षं गेली. एकाच आकाशाखाली राहणाऱ्यांना तोच कोन दोनदा सापडायला काय हरकत आहे?

ओकचे दीड हजारांहून जास्त खांब रोवून वर्तुळ त्याच जागी पुन्हा उभारलं आणि २१ डिसेंबर २००५ रोजी खुलं केलं. त्या दिवशी तिथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, दिसला तर. मध्य जर्मनीत डिसेंबरात आभाळ बहुतेक भरलेलंच असतं. कधी केंद्रात उभं राहून दारात नुसता करडा उजेड बघावा लागतो. तरी माणसं थंडीत येतात, कारण तारीख त्यांना घरून निघतानाच माहीत असते.