थांबलेलं सेलचं घड्याळ आणि थांबलेलं ऑटोमॅटिक

बारावीचा निकाल लागला की माझ्या टेबलापुढे दरवर्षी तेच बोलणं सुरू होतं. मुलगा अठराचा झाला, मुलगी शिकायला पुण्याला निघाली, आता लाख-दीड लाखाचं चांगलं घड्याळ घेऊन द्यायचंय. 'ऑटोमॅटिकच घेतो, म्हणजे सेल नको, कटकट नको, पोराला काही बघायलाच नको.' दिवाळीत तीच माणसं तेच घड्याळ रुमालात गुंडाळून परत येतात. 'बंद पडतंय हो सारखं.'

नाशिकच्या मेन रोडच्या मागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करायला वडिलांच्या शेजारी बसून मी डोळ्याला आयग्लास, म्हणजे भिंग लावलं, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. या सत्तावीस वर्षांत बिघडलेल्या घड्याळांपेक्षा न बिघडलेली घड्याळं दुरुस्तीला आलेली पाहून मला जास्त वाईट वाटलं आहे. घेणाऱ्याने आयुष्यभराची वस्तू समजून पैसे मोजलेले असतात, आणि तिचा स्वभाव त्याला कुणीच सांगितलेला नसतो.

सेलचं घड्याळ तुम्हाला माहीत आहेच, म्हणून थोडक्यात सांगतो. सेलच्या विजेवर क्वार्ट्झचा छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, सर्किट ती थरथर मोजतं आणि सेकंदकाटा टक टक पुढे सरकतो. साधं क्वार्ट्झसुद्धा महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपलीकडे चुकत नाही. १९६९ साली सेकोने पहिलं मनगटी क्वार्ट्झ बाजारात आणलं, आणि १९८७पासून टायटनने ते आपल्याकडे घराघरांत नेलं. दोन-तीन वर्षांनी सेल बदला, एवढंच काम.

ऑटोमॅटिक म्हणजे काय, याचं उत्तर बहुतेकांच्या घरातच असतं. आजोबांचं एचएमटी जनता आठवा. रोज सकाळी पूजा झाली की आजोबा चावी द्यायचे. आत पोलादाची लांब पट्टी गुंडाळलेली असते, म्हणजे स्प्रिंग. चावी दिली की ती आवळते आणि दिवसभर सावकाश सुटत राहते. ऑटोमॅटिकमध्ये तीच स्प्रिंग, तसंच बॅलन्सचं चाक, तशीच दातेरी चाकं. फक्त मशीनवर एक जड अर्धचकती बसवलेली असते, तिला रोटर म्हणतात. पाठ उघडून घड्याळ तळहातावर आडवं धरलं आणि हात जरासा कलवला, की रोटर सुळकन फिरतो आणि बारीक खर्र असा आवाज येतो. त्या प्रत्येक खर्रला स्प्रिंग केसभर आवळते. चावी देण्याचं काम आजोबांच्या बोटांऐवजी हाताच्या हालचालीकडे गेलं, एवढाच फरक. डायलवरचा 'ऑटोमॅटिक' हा शब्द फक्त या चावीपुरता आहे. हात हलला नाही तर चावी नाही, आणि चावी नाही तर घड्याळ थांबणारच.

किती वेळाने थांबणार? सेकोच्या नेहमीच्या मशीनमध्ये पूर्ण चावी साधारण ४१ तास पुरते. टिसोच्या पॉवरमॅटिक ८० या मशीनचं नावच ८० तासांवरून पडलं आहे. म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलेलं पहिलं घड्याळ रविवारी दुपारी थांबलेलं मिळेल, आणि दुसरं सोमवारी सकाळी चालू असेल.

आता मुख्य मुद्दा. खरी चूक होते ती इथेच, आणि चालू घड्याळाबद्दल ती होत नाही, थांबलेल्या घड्याळाबद्दल होते. दोन्ही घड्याळं थांबतात, दोन्ही थांबलेली सारखीच दिसतात, पण दोन्ही थांबण्यांचा अर्थ अगदी उलटा आहे.

ऑटोमॅटिक थांबलं याचा अर्थ कुणी ते घातलं नाही. त्याला काहीही झालेलं नाही. थांबलेल्या मशीनमध्ये काही घासत नाही, काही झिजत नाही. चार महिने कपाटात राहिलं तरी वीस-पंचवीस चाव्या द्या, वेळ लावा, चालू लागेल. सेलचं घड्याळ थांबलं याचा अर्थ मात्र सेल संपला, आणि संपलेला सेल पोटात घेऊन ते कपाटात पडलं तर आतून नासायला लागतं. ते त्याच आठवड्यात उघडायला हवं. लोक नेमकं उलट करतात. थांबलेलं ऑटोमॅटिक घेऊन धावत माझ्याकडे येतात आणि थांबलेलं सेलचं घड्याळ 'बघू नंतर' म्हणून लॉकरमध्ये ठेवतात.

दोन माणसं सांगतो. इंदिरानगरच्या एक वहिनी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आल्या. मुलाला अठराव्या वाढदिवसाला स्विस ऑटोमॅटिक दिलेलं. मुलगा पुण्यात होस्टेलवर. रोज हातात स्मार्टवॉच, हे घड्याळ घरी आला की घालायचा. मी वेळ तपासायच्या यंत्रावर लावून पाहिलं, दिवसाला सहा सेकंद पुढे, बाकी ठणठणीत. 'वहिनी, याला काही झालेलं नाही, तो घालत नाही म्हणून थांबतं,' म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विकताना त्यांना 'यात काही करावं लागत नाही' असंच सांगितलं होतं. घड्याळात दोष आहे, आपली फसवणूक झाली, असं धरून त्या दोन महिने झुरत होत्या.

दुसरे गंगापूर रोडचे एक गृहस्थ. मुलीच्या अठराव्याला महागातलं क्वार्ट्झ घेतलं, चार-दोन वेळा घातलं आणि 'लग्नात घालशील' म्हणून लॉकरमध्ये ठेवलं. पाच वर्षांनी लग्नाच्या आधी माझ्याकडे सेल टाकायला आणलं. पाठ उघडली तर सेल फुगलेला, खालच्या पत्तीवर पांढरट-हिरवा थर, आणि तो थर सरकत कॉइलपर्यंत, म्हणजे काटे चालवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यापर्यंत गेलेला. कॉइलची तार केसाहून बारीक असते, ती जागोजागी खाल्ली गेली होती. बाहेरून घड्याळ नवंकोरं. काचेवर एक ओरखडा नव्हता. मशीनच बदलावं लागलं, आणि ते यायला लग्न उलटून गेलं. वडिलांनी किती जपून ठेवलं होतं ते! बँकेत जाण्याआधी सेल काढून घेतला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. वेळ लावायची चावी बाहेर ओढून ठेवली की झालं, असं पुष्कळजण समजतात. त्याने सेल सावकाश संपतो खरा, पण सेल आतच असतो, आणि फुटायचा तेव्हा फुटतोच.

म्हणून घड्याळ घ्यायच्या आधी ब्रँड बाजूला ठेवा आणि एकच विचारा: पोरगं हे आठवड्यातले सहा दिवस घालणार आहे का? टिसोचं पीआरएक्स मॉडेल क्वार्ट्झ आणि ऑटोमॅटिक दोन्हींत मिळतं, राडोची, लाँजिनची कितीतरी मॉडेलं दोन्हींत मिळतात. केस, म्हणजे बाहेरचं कवच, तीच, डायल जवळपास तसाच, किमतीत मात्र बरंच अंतर. जास्त पैशाचं म्हणजे जास्त चांगलं, असं धरून लोक ऑटोमॅटिककडे बोट दाखवतात. रोज घालणाऱ्याला ते चांगलंच आहे. सणासुदीला घालणाऱ्याच्या हाती मात्र दर वेळी थांबलेलं घड्याळ येतं. मग घाईत वेळ लावायची, तारीख फिरवायची. त्यातही रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असताना तारीख झटकन फिरवली की तारखेच्या चाकाचे दात दुखावतात. आधी काटे फिरवून सहावर आणावेत, मग तारीख लावावी, मग वेळ. विकत देताना हे सांगायला एक मिनिट लागतं.

माझं मत विचाराल तर रोज घालणाऱ्या मुलासाठी, मुलीसाठी ऑटोमॅटिकच. कारण वेळेची अचूकता नाही, तिथे क्वार्ट्झ केव्हाही पुढे आहे. लाख रुपयांचं ऑटोमॅटिक दिवसाला पाच-सात सेकंद इकडेतिकडे करेल आणि त्याला दोष म्हणता येणार नाही. स्वित्झर्लंडच्या अधिकृत क्रोनोमीटर चाचणीत, म्हणजे अचूकतेच्या परीक्षेतसुद्धा दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. कारण आहे दुरुस्तीचं. पंचवटीतले एक आजोबा त्यांच्या लग्नातलं एचएमटी कांचन माझ्याकडे आणतात. तेही ऑटोमॅटिकच. मी ते सगळं सुटं करतो, धुतो, तेल देतो, पुन्हा जुळवतो, आणि ते चालतं. एखादं चाक गेलं तर दुसऱ्या जुन्या मशीनमधून काढून बसवता येतं, नाहीतर घासून तयार करता येतं. सर्किट मला घासून तयार करता येत नाही. कंपनीने तीस वर्षांनी ते सर्किट दिलं नाही, आणि त्या मापाचं दुसरं मशीन मिळालं नाही, तर सोन्याच्या केसमधलं क्वार्ट्झसुद्धा नुसता दागिना होतं. मुलीने ते तिच्या मुलीला द्यावं अशी इच्छा असेल तर हे आधी लक्षात घ्या.

त्याची किंमतही आहे. पाच-सात वर्षांनी ऑटोमॅटिकचं पूर्ण सर्व्हिसिंग लागतंच. चालतंय म्हणून ते लांबवू नका. वाळलेल्या तेलावर चालणारं मशीन स्वतःलाच खातं. हा खर्च काही हजारांपासून सुरू होतो आणि मोठ्या ब्रँडला पाच आकड्यांत सहज जातो. पहिल्या नोकरीतल्या पोराला तो झेपेल का, हे आज आईवडिलांनीच पाहायचं. झेपणार नसेल, किंवा पोरगं क्वचितच घालणार असेल, तर सरळ चांगलं क्वार्ट्झ घ्या आणि बिलकुल कमीपणा मानू नका. लाँजिनचं व्हीएचपी हे क्वार्ट्झ वर्षाला पाच सेकंदांत वेळ धरतं. कार्टियेची टँक कित्येक वर्षं क्वार्ट्झमध्ये विकली जाते. 'सेलचं म्हणजे हलकं' हे दुकानात ऐकलं की मला राग येतो.

त्याहून जास्त राग येतो तो मुलाला ऑटोमॅटिक आणि मुलीला खड्यांचं बारीक क्वार्ट्झ घेतात तेव्हा. विचारलं तर म्हणतात, 'तिला कुठे कळतंय मशीन?' तिला पाठीच्या काचेतून रोटर दाखवा, मग बघा कळतंय की नाही.

आणि ते मोटारीवर फिरणारे डबे घेऊ नका. घड्याळ न घालता चालू ठेवण्यासाठी ते विकतात. घालायचं नसलेलं मशीन रात्रंदिवस फिरवून झिजवायचं कशाला? थांबू द्या. चालू करताना हातात धरून खुळखुळ्यासारखं हलवूही नका, चावीच द्या. काही जुन्या सेको मशीनना चावी देता येत नाही, तिथे हळुवार फिरवणं ठीक.

पाण्याचं एकाच वाक्यात: ३० मीटर लिहिलेलं घड्याळ पावसापुरतं आणि हात धुण्यापुरतं, पोहण्याला १०० मीटर हवं. रंगपंचमीला एक मुलगा ३० मीटरवालं हातात घालून तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात उतरला आणि दुसऱ्या दिवशी डायलखाली रंगाचं पाणी घेऊन आला. क्रोनोग्राफ आणि क्रोनोमीटरही एक नव्हेत. क्रोनोग्राफ म्हणजे दोन बटणांचं, स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, आणि क्रोनोमीटर म्हणजे वर सांगितलेल्या चाचणीत पास झालेलं. अठराच्या पोराला क्रोनोग्राफ घेऊ नका, सर्व्हिसिंग जवळपास दुप्पट पडतं आणि ती बटणं महिन्याभरानंतर कुणी दाबत नाही.

ऑटोमॅटिक अचानक दिवसाला मिनिटभर किंवा त्याहून जास्त पुढे पळायला लागलं तर घाबरू नका. मोबाईलवर, स्पीकरजवळ, लोहचुंबकाच्या झाकणाच्या कव्हरवर ठेवलं असेल. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या चाकाच्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागतं आणि तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात. चुंबक काढायला मला अर्धं मिनिट लागतं, आणि त्याचे मी पैसे घेत नाही.

पाठीवर नाव-तारीख कोरून घ्यायची असेल तर आधी पाठ बघा. ऑटोमॅटिकला बहुधा पाठीला काच असते, तिच्यावर कोरता येत नाही. कडेच्या पोलादी पट्टीवर जेमतेम तारीख बसते. पूर्ण नाव हवं असेल तर बंद पाठीचं मॉडेल मागून घ्या. बिल मुलाच्या नावावर करा, गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच, उभ्या उभ्या टाकून घ्या. पट्ट्याच्या काढलेल्या कड्या डब्यात ठेवा, फेकू नका. अठराव्या वर्षीचं मनगट पंचविशीत तेवढंच राहत नाही, आणि त्या मॉडेलची एक कडी शोधत मी मुंबईपर्यंत फोन केलेले आहेत.