एक कर्ज, दोन राज्ये : सीमाभागातील मराठी शाळांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी शाळांची चर्चा बहुधा भाषाविषयक आदेशांपाशीच थांबते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचा आणि त्यानंतरच्या वादाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे येथे थेट १९९० च्या दशकाकडे वळतो. परदेशी अर्थसाहाय्यावरचे शिक्षणप्रयोग बेळगाव जिल्ह्यात आले ते त्याच दशकात.

१९९० मध्ये थायलंडमधील जोमतिएन येथे 'सर्वांसाठी शिक्षण' ही जागतिक घोषणा झाली. पुढच्याच वर्षी भारतावर परकीय चलनाचे संकट ओढवले आणि प्राथमिक शिक्षणासाठी बाहेरून कर्ज घेण्याबाबतचा सरकारचा जुना संकोच हळूहळू मावळला. १९९४ मध्ये अशाच बाहेरच्या कर्जाच्या आधारावर केंद्राचा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. स्त्रीसाक्षरता राष्ट्रीय सरासरीहून कमी असणे हा जिल्हानिवडीचा एक निकष होता. ८५ टक्के खर्च केंद्राचा आणि १५ टक्के राज्याचा होता, तर बांधकामावर २४ टक्क्यांहून अधिक खर्च करण्यास मुभा नव्हती. इमारतींपेक्षा अध्यापन सुधारावे, हा त्यामागचा स्पष्ट हेतू होता. बीआरसी (तालुका पातळीवरील साधन केंद्र) आणि सीआरसी (काही शाळांच्या समूहाचे साधन केंद्र) ही शिक्षकांच्या तोंडी रुळलेली नावे याच रचनेतून आली.

पहिल्या टप्प्यात कर्नाटकातून बेळगाव, कोलार, मंड्या व रायचूर हे जिल्हे निवडले गेले, तर महाराष्ट्रातून औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी हे मराठवाड्यातील जिल्हे. एकाच कार्यक्रमाच्या पैशातून मराठीत शिकवणारे शिक्षक दोन्ही राज्यांत प्रशिक्षण घेत होते. मात्र प्रत्येक राज्यासाठी स्वतंत्र नोंदणीकृत संस्था स्थापून निधी, साहित्य आणि प्रशिक्षण तिच्यामार्फत पोहोचवण्याचा निर्णय झाला. हिशेबाच्या दृष्टीने तो सोयीचा होता, हे मान्य करावे लागेल. पण सीमाभागासाठी तोच सर्वांत वादग्रस्त ठरायला हवा होता आणि त्यावर पुरेशी चर्चा कधी झाली नाही. सरकार आणि कर्ज देणाऱ्या संस्था यांच्या सहामाही संयुक्त पाहणीच्या निमित्ताने राज्याराज्यांतील अनुभवांची देवाणघेवाण होई, परंतु ती वरिष्ठ पातळीवर. लातूरच्या वर्गात मराठीतून आकाराला येणारी एखादी रीत खानापूरच्या शिक्षकापर्यंत नेणारी वाट या रचनेत आखलेलीच नव्हती. खानापूरला जे मिळे ते बंगळुरूहून, बहुधा आधी कन्नडमध्ये सिद्ध होऊन. निपाणीला लागून असलेला कोल्हापूर जिल्हा तर या कार्यक्रमातच नव्हता.

१९९४ च्याच एप्रिलमध्ये कर्नाटकाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावे, असा आदेश काढला. त्यावरील खटला २०१४ पर्यंत चालला आणि माध्यमनिवडीचा हक्क पालकांचा ठरला. वर्तमानपत्रांनी त्याला भरपूर जागा दिली. साहित्य कोणत्या भाषेतून घडते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

२००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने, आणि २०१८ पासून 'समग्र शिक्षा' या योजनेने, राज्यनिहाय रचनाच पुढे चालवली. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ आले, तेव्हा महाराष्ट्राचे मराठी धडे बेळगावच्या शिक्षकाला मोबाईलवर उघडता येऊ लागले. तरी ते धडे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांच्या क्रमाने बांधलेले आहेत आणि कर्नाटकातील मराठी माध्यमाची पुस्तके कर्नाटकच काढते, त्यामुळे जुळवाजुळव शिक्षकालाच करावी लागते. २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'स्टार्स' या नव्या शालेय शिक्षणविषयक कर्जप्रकल्पातील सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश झाला, कर्नाटकाचा नाही.